अण्णांच्या घराला कड्या नव्हत्या

कडी सरकल्याचा आवाज अगदी बारीक होता. कुकरची शिट्टी, खालून जाणाऱ्या मासळीवालीची हाक, समोरच्या नव्या इमारतीवर घरघरणारा मिक्सर, एवढ्या गलक्यात तो ऐकू यायलाच नको होता. पण नेत्राला असले आवाज ऐकू यायचेच. हातातलं लाटणं तिनं ओट्यावर टेकवलं, ते गडगडत जाऊन खाली पडलं, आणि पडेपर्यंत ती स्वयंपाकघराबाहेर आलेलीही होती. बाथरूमचं निळं प्लास्टिकचं दार लागलेलं होतं. तिच्या घरात ते कधी लागत नसे. आंघोळीच्या वेळीसुद्धा ती ते नुसतं लोटून आतून बादली टेकवायची आणि धनेश हसायचा, 'कोण येणार आहे गं तिसऱ्या मजल्यावर?' आता ते चौकटीत घट्ट बसलं होतं, आणि बैठकीत, जिथं इतका वेळ प्राप्ती कालच्या हारातली शेवंती ओरबाडत बसली होती, तिथं नुसत्या पिवळ्या पाकळ्या पडलेल्या होत्या.

"प्राप्ती?"

"काय?" आतून आवाज आला. कामात असलेल्या माणसाचा.

"दार उघड, राणी."

थोडा वेळ खुडखुड झाली. मग, "उघडत नाही."

दूध संपलं असं सांगावं इतक्या सहज तिनं ते सांगितलं. नेत्राच्या डोळ्यांसमोर मात्र आतली एकेक वस्तू आली. पाणी सकाळीच येतं म्हणून आतलं पिंप काठोकाठ भरलेलं होतं. पिंपाला लागून स्टूल, प्राप्तीला दात घासता यावेत म्हणून तिनंच हौसेनं आणलेलं, वर बदकाचं चित्र असलेलं. कोपऱ्यात फरशी धुवायच्या औषधाची बाटली, जी ती रोज वापरून झाली की वरच्या फळीवर ठेवायची, आणि आज ठेवली होती का? ठेवलीच असेल. हात फळीकडं गेल्याचं तिला आठवत होतं, पण ते आजचं की कालचं? तिनं दार ढकललं. ते आत उघडणारं दार होतं, आणि ते तसूभर आत जाऊन परत आलं. "सोड, ढकलू नकोस ना आई," प्राप्ती म्हणाली, "मला लागतं." म्हणजे ती दाराशीच होती, दाराला लागून. म्हणजे दार तोडायचं नाही. नेत्रा दारावर तळवा टेकून उभी राहिली.

"बाळा, कडी दिसते ना? ती ओढ."

"कुठं ओढू?"

कुठं ओढू. नेत्रानं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला ते माहीत नाही. घर घेऊन एवढी वर्षं झाली, ती कडी तिनं एकदाही लावलेली नव्हती. तिचा दांडा कुठल्या बाजूला सरकतो, आधी उचलावा लागतो की नुसता ओढायचा, तिला सांगता येईना. बी.एस्सी. झालेली बाई, पोरीच्या तापाचे आकडे भिंतीवर लिहून ठेवणारी, रस्ता ओलांडताना रिकाम्या रस्त्याकडेही दोनदा बघणारी, आणि स्वतःच्या बाथरूमची कडी कशी उघडते हे तिला ठाऊक नाही. कारण थळच्या ज्या घरात ती वाढली त्या घराच्या एकाही आतल्या दाराला कडी नव्हती.

नेत्राच्या आजोबांनी, अण्णांनी, त्या काढून टाकलेल्या होत्या. नेत्राच्या जन्माच्या खूप आधी, लढाईवरून परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात, पेचकस घेऊन ते घरभर फिरले होते म्हणे. लाकडावर कड्यांच्या जागी उरलेली भोकं पुढं कुणीतरी मेणानं बुजवली. न्हाणीघराला पडदा. झोपायच्या खोल्यांना पडदा. नेत्राची आई लग्न होऊन आली तेव्हा पहिले सहा महिने ती सासूच्या लुगड्याचा आडोसा धरून कपडे बदलायची. घराचं मोठं दार तेवढं रात्री लागायचं, तेही अण्णा स्वतः लावायचे आणि त्याची चावी उशीखाली घेऊन झोपायचे. अण्णांच्या आणखी दोन गोष्टी अख्ख्या कोळीवाड्याला माहीत होत्या. एक म्हणजे ते होडीत पाय ठेवायचे नाहीत. कोळ्याचा पोर, विमानात नकाशे वाचून बॉम्बवाल्या वैमानिकाला वाट दाखवणारा, आणि किनाऱ्यावर येऊन गुडघाभर पाण्यात उभा राहायचा, पुढं नाही. पोरं मागून ओरडायची, 'अण्णा, पानी चावतंय काय?' दुसरी गोष्ट म्हणजे हाक. तिन्हीसांजेला ते पडवीत बसून घरातल्या प्रत्येकाला नावानं हाक मारायचे. 'नेत्रा, हायस का गो?' आणि 'हाय' असं उत्तर येईपर्यंत थांबायचे नाहीत. अभ्यासात असो, न्हाणीत असो, रुसून बसलेली असो, उत्तर द्यायलाच लागायचं. नाही दिलं तर ते उठून यायचे, पडद्याबाहेर उभे राहायचे, आत यायचे नाहीत, आणि त्यांचा श्वास मोठ्यानं ऐकू यायचा.

ती हाक समुद्रावरची होती हे तिला नंतर कळलं. धुकं दाटलं की होड्या एकमेकींना अशीच हाळी देतात. सांगायचं काही नसतं. फक्त दुसरी होडी अजून हाकेच्या टप्प्यात आहे एवढं समजून घ्यायचं. पण घरात, विजेच्या दिव्याखाली, हाळी कशाला? 'भित्रट हाय आजा तुझा,' आजी कौतुकानं म्हणायची. आणि नेत्रा मोठी होत गेली, परीक्षेच्या आदल्या दिवशी हॉलतिकीट सात वेळा बघायला लागली, गॅस बंद आहे का हे पाहायला अर्ध्या रस्त्यातून परत यायला लागली, तेव्हा घरातले सगळे तिलाही त्याच कौतुकानं म्हणायला लागले, 'अण्णांवर गेलीय.' ते वाक्य तिनं गिळून टाकलं होतं. प्राप्ती झाली तेव्हा दवाखान्यात, ती इवलीशी मूठ बोटाभोवती आवळलेली असताना, तिच्या मनात पहिलं जे आलं ते हेच, की आता हिला आपल्यावर जाऊ देता कामा नये. तेव्हापासून ती पोरीसमोर भीती दाखवत नाही. झुरळ निघालं तर गाणं म्हणते. विजा कडाडल्या तर टाळ्या वाजवते. मग न्हाणीत जाऊन, दार लोटून, बादली टेकवून, नळ सोडून हात थरथरू देते.

आता नळही आत होता.

धनेशचा फोन लागला तेव्हा मागं इंजिनाची धडधड होती. तो सकाळीच, कालच्या कार्यक्रमाला आलेल्या कुरियनसाहेबांना रेवसला सोडायला गेला होता. साहेबांना मुंबईला गाडीनं जायचं नव्हतं, भाऊच्या धक्क्याच्या लाँचनंच जायचं होतं. "लाँच सुटतेय, बोल," तो म्हणाला, आणि तिनं सांगितल्यावर, "बरं. तोडू नको. बाबाजी सुताराला पाठवतो, त्याचा मोबाईल आहे माझ्याकडं. निघालोच मी. नेत्रा? ऐक. ती रडतेय का?"

"नाही."

"मग तू पण रडू नको."

"मी कुठं रडतेय?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

शेजारची किशोरी तोपर्यंत उघड्या दारातून आत आली होती, हातात भाजीची सुरी तशीच. "काय झाला गो? अगं बाय माझे! आत हाय ती? आमच्या ह्यांना बोलवू का?" आणि लगेच कपाळावर हात मारून, "ते पण आंघोळीला बसलेत. कडी लावून." नेत्रा तिच्याकडं वळली. "वहिनी, तुमची कडी कशी उघडते?" किशोरीनं सुरी हवेत फिरवली. "अशी वर करायची ना, आणि मग डावीकडं ओढायची. थांब, डावीकडं? हां, डावीकडं. पण तुमचं घर उलटं हाय ना आमच्या, आरशासारखं. मग तुमची उजवीकडं असेल. जाऊन बघून येऊ? पण हे आत हायत. बाहेरूनच विचारते." आणि ती खरंच विचारायला गेली. भिंतीपलीकडून तिचा आवाज ऐकू यायला लागला, "अहो, कडी कुठल्या बाजूला हाय? कडी! नाय, बाहेर येऊ नका, नुसतं सांगा!"

भिंतीपलीकडून. नेत्रा दाराशी खाली बसली. काल थळच्या शाळेच्या नव्या सभागृहात हाच शब्द किती वेळा आला होता. 'दीवार के उस पार.' सभागृहाला अण्णांचं नाव दिलं होतं, दत्तात्रेय बुधाजी, पांढऱ्या अक्षरांत, त्यांना जाऊन चार वर्षं झाल्यावर. हवाई दलाचा एक तरुण अधिकारी आला होता, त्यानं मानपत्र वाचलं, नेत्राच्या बाबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. सरपंच बोलले. मग व्यासपीठावर एका म्हाताऱ्याला हाताला धरून आणलं. उंच, वाकलेला, पांढऱ्या मिशांचा, माईकला इतका जवळ उभा की त्याचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता. ग्रुप कॅप्टन कुरियन. केरळातल्या डोंगरातला, रबराच्या झाडांमधला माणूस. एकाहत्तरच्या लढाईत त्याचंही विमान पडलं होतं, आणि तिकडच्या तुरुंगात त्याची खोली अण्णांच्या खोलीला लागून होती. मध्ये एक भिंत, भिंतीच्या तळाशी पाणी जायचं भोक.

"मैं चौबीस साल का था," ते म्हणाले. "मैंने तय कर लिया था कि मर जाना है. कैसे, वो भी तय कर लिया था." सभागृहातल्या बायका पंख्यानं वारा घेत होत्या त्या थांबल्या. "और दीवार के उस पार से आवाज़ आई. 'भाई, तू है क्या उधर?' मैं चुप. फिर आई. फिर आई. मैंने गाली दी. वो बोला, 'अच्छा, है. सुन, मुझे बहुत डर लग रहा है. तू कुछ बोल ना.'"

लोक हसले. कुरियनसाहेबही हसले. मग ते सांगत गेले आणि हसणं कुठंतरी विरून गेलं. रोज तीच हाक. तू आहेस का, मला भीती वाटते, तू बोल. कुरियन चिडायचे, कुठला हा भित्रा शेजारी आपल्या वाट्याला आला. पण बोलायचे. रबराच्या झाडाला चीर कशी देतात, वाटीत दूध कसं जमतं, ते सांगायचे. मग भिंतीपलीकडचा माणूस होडी काढायचा. रोज एकच वाट. थळची वाळू, मागं कनकेश्वराचा डोंगर, तो देवळाच्या शेंड्याशी जुळला की वळायचं, उंदेरीचं बेट डावीकडं ठेवायचं, खांदेरीच्या बेटावरचा दिवा समोर. डोळे मिटून त्यानं कुरियनना इतक्या वेळा नेलं होतं की काल सकाळी थळच्या किनाऱ्यावर गाडीतून उतरल्याबरोबर म्हाताऱ्यानं बोट करून सांगितलं होतं, ती उंदेरी. बोलायला बंदी होती. पहारेकरी यायचे, विचारायचे, कोण बोलत होतं? आणि प्रत्येक वेळी अण्णा म्हणायचे, "मैं. अकेला. मेरी आदत है." त्याची शिक्षा म्हणजे मार, आणि मग तळघरातली एक खोली, जिला खिडकी नव्हती. तिची कडी बाहेरून लागायची. कुरियनसाहेबांनी हातानं दाखवलं, आडवी, लांब. तो आवाज त्यांच्या खोलीपर्यंत यायचा. तिथून परत आणलं की थोडा वेळ शांतता, आणि मग भोकातून तोच आवाज, जरा घोगरा झालेला. भाई, तू है क्या?

"मैं पीठ लगाकर बैठता था दीवार से," ते म्हणाले. "वो भी. आवाज़ उसकी एकदम सीधी. लेकिन दीवार हिलती थी. मेरी पीठ को पता चलता था." इथं त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला. "मैं मरा नहीं. मैंने सोचा, ये बेचारा इतना डरता है, मैं चला गया तो इसका क्या होगा? बीस साल तक मैं यही समझता रहा कि मैंने उसको संभाला. फिर एक दिन मेरी बीवी बोली, पागल, वो तुझे बचा रहा था. मैंने उसी दिन फ़ोन लगाया इधर. पूछा, 'दत्तू, सच बोल, वो नाटक था ना?' पता है क्या बोला?" म्हाताऱ्याची मिशी हलायला लागली. "बोला, 'नहीं यार. सच में डर लगता था.'"

नेत्रा दुसऱ्या रांगेत प्राप्तीला मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिला वाटलं आपल्या पाठीला कुणीतरी पाठ लावून बसलंय. घरी अण्णांनी यातलं काहीही सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, 'तुरुंगात होतो. पोळ्या खाल्ल्या. तिकडच्या पोळ्या मोठ्या असतात.' तो फोनसुद्धा तिला अंधुक आठवत होता, किंवा आठवतोय असं वाटत होतं. अण्णा पडवीत फोनवर हसले होते, डोळे पुसत हसले होते, आणि आजीनं विचारलं होतं कोण होता, तर म्हणाले होते, 'एक दोस्त. रबरवाला.'

चहाच्या वेळी सोनूबाईनं तिचं मनगट धरलं. अण्णांची धाकटी बहीण, आता पाठीतून वाकलेली, पण बोटांत अजून पाटी उचलणाऱ्या बाईचा जोर. "तू कनाला रडतंस? चल हिकडं." व्हरांड्याच्या टोकाला नेऊन तिनं चहाचा कागदी पेला कठड्यावर ठेवला. "तुना एक सांगतंय. दादा व्होडीत नाय जायचा, म्हायत हाय ना?"

"भीती वाटायची त्यांना पाण्याची."

"कोन बोललं?" सोनूबाई फिसकारली. "तो नाय भ्यायला दर्याला. आमी भ्यायलो."

आणि मग तिनं सांगितलं. विमान पडलं, पोर बेपत्ता आहे, अशी तार आली. जिवंत आहे, कैदेत आहे, हा निरोप यायला फार उशीर झाला. तोवर बाप, बुधाजी, वाट बघत होता. आणि वाट बघून बघून त्यानं तेच केलं जे त्याच्या बापानं, आजानं केलं असतं. समुद्रात गेलेला परत आला नाही की त्यांच्या घरात त्याच्या नावानं नारळ आणि त्याचा अंगावरचा एक कपडा खोल पाण्यात सोडून यायचे. नारळ परत किनाऱ्याला लागला नाही म्हणजे दर्यानं तो माणूस घेतला. बुधाजीनं दत्तूचा शाळेतला सदरा नेला होता. नारळ परत आला नाही. "आभालात गेलेल्याचा नारल दर्याला दिला," सोनूबाई म्हणाली. "आमाला दुसरं काय येतंय? आभालाला नारल कसा देयाचा ता कोनाला म्हायत?" मग पोर दारात येऊन उभा राहिला, हाडांचा सापळा, आणि बाप त्याला मिठी मारण्याआधी किंचाळला. कारण दर्याला दिलेली वस्तू परत घरात आली होती. म्हाताऱ्यांनी बसून ठरवलं, घरात राहू दे, पण होडीत नको. दर्यानं ओळखलं तर आपलं म्हणून घेऊन जाईल, आणि सोबत होडीतल्या सगळ्यांना. "दादा हसला. बोलला, बाबा, मना कायपन चालंल. तुमी भिऊ नको. बास. मेला तवर पाय नाय ठेवला. बापानं दिलेल्या नारलाला खोटा नाय पाडला त्यानं." मग चहाचा पेला उचलत, "पोरं चिडवायची तवा माजं रगत तापायचं. पन दादाच बोलला, सोने, तू गप ऱ्हा."

घरी येताना गाडीत, खताच्या कारखान्याच्या दिव्यांची रांग मागं पडत असताना, नेत्रानं मनातल्या मनात गणित मांडून पाहिलं होतं. पाण्याची भीती अण्णांची नव्हतीच, ती वजा. कड्यांची भीती होती, खरी होती, पण ती कुणासाठी तरी घेतलेली होती. हाक भीतीची होती की नव्हती, ते कुरियनसाहेबांना पन्नास वर्षांत ठरवता आलं नाही. मग अण्णांकडून आपल्यात जे आलंय ते नक्की काय? आपली भीती तर कुणासाठीच नाही. ती अशीच आहे, गॅसच्या बटणासारखी, पुन्हा पुन्हा बघायला लावणारी. तिला हलकं वाटायला हवं होतं आणि तिला एकदम एकटं वाटलं होतं, जणू इतकी वर्षं जो माणूस आपल्याबरोबर घाबरत होता तो उठून लांबच्या रांगेत जाऊन बसला.

"आई, इथं अंधार आहे," प्राप्ती आतून म्हणाली.

"थांब, बाळा. दिव्याचं बटण बाहेर आहे. लावते." तिनं लावलं. "दिसतंय?"

"हो. आई, मी वर चढू?"

"नाही!" तो आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "प्राप्ती, स्टुलावर नाही चढायचं! ऐकलंस? खाली उतर! उतर आधी! त्या पाण्याजवळ नाही जायचं!" आत काहीतरी घसटलं, फरशीवर प्लास्टिक ओढल्याचा आवाज, आणि मग प्राप्ती रडायला लागली. आधी दबकं, मग मोठ्यानं, श्वास अडकत. ती आत्तापर्यंत घाबरलेली नव्हती. आत्ता घाबरली. नेत्राला ते इतकं स्पष्ट ऐकू आलं, जशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतावी तशी आपली भीती दाराखालच्या फटीतून आत गेली. हेच व्हायला नको होतं. ह्याचसाठी ती झुरळासमोर गाणी म्हणत होती. तिनं गाणं आठवायचा प्रयत्न केला. एकही आठवलं नाही. "काही नाही बाळा, काही नाही झालं, आई आहे ना, मज्जा येतेय की नाही," ती म्हणत होती आणि ते इतकं खोटं वाजत होतं की आतलं रडणं वाढतच गेलं. किशोरी सुरी घेऊन परत आली होती. ती काहीतरी सांगायला गेली आणि नेत्राचा चेहरा बघून तिनं सुरी खाली ठेवली.

नेत्रानं पाठ दाराला टेकली. गार होतं. आतून प्राप्ती दारावर लहान लहान धक्के देत होती, ते तिच्या पाठीला, खांद्याच्या हाडांना कळत होते. तिचं स्वतःचं अंग थरथरत होतं, आणि ते सगळं पलीकडं जात असणार. जाऊ दे. लपवायला आता नळ नव्हता, बादली नव्हती. तिला कुठली युक्ती करायची नव्हती. तिच्याकडं खरंच दुसरं काही उरलेलं नव्हतं.

"प्राप्ती," ती म्हणाली. आवाज निघाला तो साधा निघाला. "मला खूप भीती वाटतेय गं. तू काहीतरी बोल ना माझ्याशी."

रडणं चालू राहिलं. मग त्यात एक खळ पडला.

"तुला?"

"हो. मला."

"कशाची?"

"तू आत आहेस ना. मला दिसत नाहीस. म्हणून."

हुंदका. नाक ओढल्याचा आवाज. नेत्राला पिंप दिसत राहिलं, त्यातलं हलणारं पाणी. तिनं वाट बघितली.

"मी आहे इथंच," प्राप्ती म्हणाली. "घाबरू नको हां. मी खाली बसलेय."

"खाली? फरशीवर?"

"हो. इथं मग आहे. लाल. इथं बाबांचा साबण आहे. त्याला केस लागलाय, शी! इथं मुंगी आहे. मुंगी पण घाबरली नाहीये." आवाज एकदम जवळून येत होता, दाराच्या तळाशी, नेत्राच्या कमरेच्या पातळीवरून. पोरगी पण दाराला टेकून बसली होती. "तुझी भीती गेली?"

"थोडी. अजून बोल."

प्राप्ती बोलत राहिली. मोठ्या माणसाला समजावताना काढायचा तिचा एक खास आवाज होता, बाहुल्यांसाठी राखून ठेवलेला, तो तिनं लावला. काल एक मोठ्ठ्या मिशीचे आजोबा आले होते ते तिनं सांगितलं, त्यांनी तिला चॉकलेट दिलं पण ते वितळलेलं होतं, तरी तिनं खाल्लं. बाटली? बाटली वर आहे, फळीवर, तिथं हात पोचत नाही. नेत्रानं डोळे मिटले. किशोरी दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली होती आणि पदरानं तोंड झाकून हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. तिनं बोटानं हवेत खूण केली: वर, आणि मग इकडं, उजवीकडं.

"प्राप्ती, कडीला एक शेपूट आहे बघ. दिसतं?"

"हो. ते खाली झोपलंय."

"त्याला उठवायचं. वर उभं करायचं."

खुडखुड. "उठत नाही. आळशी आहे."

"दोन्ही हातांनी."

"उठलं!"

"आता जेवायचा हात आहे ना तुझा, त्या बाजूला ओढ. जोरात."

नाही सरकलं. "अडलं," प्राप्ती म्हणाली, आणि लगेच पुढं सांगायला लागली, "थांब हां, तू बोलू नको, मला काम करू दे." किशोरीनं एकदम दोन्ही हातांनी हवेत ढकलून दाखवलं, दार, दार आत दाब. बरोबर, दार बाहेर रेलल्यामुळं दांडा अडकत असणार. पण आत दाबलं तर पोरीला लागेल. "जरा मागं सरक," नेत्रा म्हणाली, "आणि लांबून ओढ. मी दाराला धरून ठेवते." दोन्ही तळवे दारावर ठेवून तिनं अगदी हळू, दिवाळीत करंजीची पारी दाबतात तसं, दार आत दाबून धरलं. पलीकडून धापा ऐकू येत होत्या. आणि मग तोच आवाज, बारीक, सरकता.

दार हळूच आत गेलं. प्राप्ती समोर उभी होती, गाल भिजलेले, फ्रॉकचा पुढचा भाग ओला, कपाळावर शेवंतीची पाकळी चिकटलेली. पिंपातलं पाणी जागच्या जागी होतं. बाटली फळीवर होती. नेत्रा गुडघ्यांवरच पुढं सरकली आणि तिनं पोरीला पोटाशी घेतलं, आणि तिचे हात थरथरत होते ते तिनं थांबवले नाहीत. किशोरी फोनवर ओरडत होती, "उघडला हो धनेशभाऊ, उघडला! सुताराला सांगा घरी बस! तुमची पोरगी नाय, मिस्त्री हाय ती!" शेजारून किशोरीचा नवराही ओरडून काहीतरी विचारत होता.

"तू हलतेस," प्राप्ती तिच्या खांद्यात तोंड घालून म्हणाली.

"हो. भीती अजून जायचीय."

प्राप्तीनं मागं सरकून तिच्याकडं नीट बघितलं. गोष्ट गंभीर होती असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मग तिनं ठरवलं. "आता तू आत जा," ती म्हणाली. "मी बाहेर बसते."

"कशाला गं?"

"तू बाहेर होतीस म्हणून तुला भीती वाटली. आतमध्ये नाही वाटत. मला माहितीये." तिनं आईचा हात धरून ओढला. "जा ना. मी बोलते तुझ्याशी."

किशोरी म्हणाली, "पुरे झाला आता खेळ," पण नेत्रा उठली. ती आत गेली, त्या ओल्या फरशीवर, बदकाच्या स्टुलाशेजारी उभी राहिली, आणि बाहेरून दोन लहान तळव्यांनी दार ओढून लावलं गेलं. तिनं कडी लावली नाही. पण दार लागलं, चौकटीत बसलं. लाल मग, साबण, साबणाचा केस, नळाच्या तोंडाशी जमलेला आणि न पडलेला एक थेंब. भीती तिच्याबरोबर आत आलेली होती. ती हळूच खाली बसली आणि दाराला टेकली. बाहेरही कुणीतरी टेकलं, अगदी हलकं, मांजर टेकावं तसं.

"आई, मुंगी कुठं गेली?" बाहेरून प्रश्न आला. "बघून सांग."

नेत्रा वाकून शोधायला लागली.